रोख्यांचा भाव, रेशमाचा भाव : १९३० सालचं शांघाय कादंबरीत कसं वाचावं

चिनी लेखक माओ दुन यांची 'मिडनाइट' ही कादंबरी अर्ध्यात सोडून देणारे वाचक पुष्कळ. तिच्यात पात्रांची गर्दी आहे हे खरं, पण अडचण गर्दीची नसते. वाचक तिच्यात एखाद्या घराण्याची कहाणी शोधत बसतो आणि कादंबरीचा जीव असतो सरकारी कर्जरोख्यांच्या बाजारात. भाव चढला की कोणाचं दिवाळं निघतं आणि पडला की कोणाची चांदी होते, एवढं हातात असेल तर तीच गर्दी आपोआप रांगेत उभी राहते. म्हणून हे पुस्तक पेन्सिल आणि वही घेऊनच वाचायचं. वहीत काय लिहायचं आणि कुठल्या पानांवर सावध राहायचं, ते इथं सांगितलं आहे.

आधी दोन कथा

थेट कादंबरीत उडी घेऊ नका. माओ दुन यांच्याच १९३२ सालच्या दोन लांब कथा आधी वाचा : 'स्प्रिंग सिल्कवर्म्स' आणि 'द शॉप ऑफ द लिन फॅमिली'. दोन्ही मिळून एका संध्याकाळीत होतात.

पहिलीत म्हातारा थोंगबाओ रेशीमकिडे वाढवतो. कोष भरघोस येतात, पण खरेदीदारांची दारं बंद. कारण त्याच वर्षी जानेवारीत जपाननं शांघायवर हल्ला केलेला असतो आणि शहरातल्या रेशीम गिरण्या थंडावलेल्या असतात. शेवटी हिशेब असा : पंधरा ओझी पाला देणारी तुतीची जमीन गेली आणि वर तीस युआनचं कर्ज झालं. दुसऱ्या कथेत लहान गावातला दुकानदार लिन जपानी मालावरचे शिक्के काढून तो स्वदेशी म्हणून विकतो, त्यासाठी चारशे युआन लाच मोजतो, आणि शांघायहून पळून आलेल्या निर्वासितांना एका युआनला तसराळं, पंचा, दात घासायचा ब्रश आणि दंतमंजन असा जुडगा विकून चार दिवस तग धरतो.

दोन्ही वाचून झाल्या की वहीच्या पहिल्या पानावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा : यात परदेशी माणूस कुठं आहे? एकही सापडणार नाही. तरी दोन्ही घरं बुडतात ती गावाबाहेर, समुद्रापलीकडे ठरलेल्या भावांनी. चिनी वास्तववादी कथेतला पाश्चात्त्य प्रभाव शोधायची जागा ही आहे. सूट, टोपी आणि जाझ यांची यादी करत बसलात तर पुस्तक संपेल आणि हाती काही लागणार नाही.

प्रत आणि नावं

'मिडनाइट' मूळ चिनीत शांघायच्या काइमिंग प्रकाशनानं १९३३ साली छापली. इंग्रजी भाषांतर श्यू मेंगशोंग आणि ए. सी. बार्न्स यांचं, बीजिंगच्या विदेशी भाषा प्रकाशनगृहानं १९५७ साली काढलेलं. त्यात नावांचं रोमन लेखन जुन्या पद्धतीचं आहे, आणि पहिला घोळ तिथंच होतो.

चिनी नावात आडनाव आधी येतं. नायक वू सुनफू, म्हणजे आडनाव वू. त्याचा मेहुणा, सावकारी पेढीवाला दू झूझाय. गिरणीतला तरुण, धूर्त व्यवस्थापक थू वेइयुए. जुन्या रोमन लेखनात दू आणि थू यांच्यात फक्त एका लहानशा वरच्या चिन्हाचा फरक असतो आणि छपाईत ते चिन्ह बहुधा गळतं. मग वाचकाला वाटतं, मेहुणाच गिरणीत येऊन संप मोडतोय. उपाय साधा : नाव पहिल्यांदा आलं की ते वहीत देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत द आणि थ वेगळे दिसतात, तेव्हा गोंधळ तिथंच मिटतो. नावापुढं दोन शब्द पुरेत : धंदा आणि कोणाच्या बाजूचा. पहिल्या तीन प्रकरणांत यादी तीस नावांवर गेली तरी घाबरू नका. खरं ओझं वाहणारी आठ-दहाच आहेत.

नकाशा

एक पान नकाशासाठी ठेवा. ह्वांगपू नदी, तिच्या पश्चिम काठावर बंड हा पेढ्यांचा रस्ता, आणि पश्चिमेकडून येऊन मिळणारी सूझोऊ खाडी. संगमाजवळ १९०७ सालचा पोलादी गार्डन ब्रिज. खाडीच्या दक्षिणेला आंतरराष्ट्रीय वसाहतीचा मुख्य भाग आणि तिच्यातून पश्चिमेकडे जाणारा नानजिंग रस्ता. आणखी दक्षिणेला फ्रेंच वसाहत. उत्तरेला झाबेई. हा भाग चिनी अमलाखाली.

रेघा ओढणं महत्त्वाचं, कारण एका शहरात तीन कायदे आणि तीन पोलीस आहेत. वूची रेशीम गिरणी झाबेईत आहे, म्हणून संप झाला की चिनी पोलीस येतात. ३० मेच्या स्मृतिदिनाचं निदर्शन नानजिंग रस्त्यावर होतं, तिथं वसाहतीचे पोलीस, त्यांत शीख शिपाई. १९२५ साली त्याच तारखेला त्याच रस्त्यावर वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला होता आणि कादंबरीतलं निदर्शन त्याच्या पाचव्या स्मृतिदिनाचं आहे. प्रसंग कुठल्या हद्दीत घडतो हे समासात लिहिलंत तर कोण कोणाला घाबरतं ते न सांगता कळतं.

मुंबईच्या वाचकाला या नकाशात ओळखीची खूण सापडेल. बंड आणि नानजिंग रस्त्याच्या कोपऱ्यावर १९२९ साली उघडलेलं कॅथे हॉटेल व्हिक्टर ससून यांचं. कुलाब्याची ससून गोदी आणि काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय ज्या घराण्याच्या नावानं उभं आहे, तेच हे घराणं. मुंबईच्या गिरण्यांचं सूतही एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे, आणि पुढं जपाननं ती बाजारपेठ घेतली. वू सुनफूच्या रेशमाला आडवा येणाराही जपानच.

रोख्यांचा तक्ता

आता मुख्य काम. च्यांग काई-शेक यांचं नानजिंग सरकार १९२७ साली आलं आणि फौजांवरचा खर्च भागवण्यासाठी एकामागून एक कर्जरोखे काढत गेलं. तारण मुख्यतः सीमाशुल्काचं. बँका ते दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशात घेत, आणि मग शांघायच्या रोखेबाजारात त्यांचे वायदे चालत. कादंबरीत येणारी नावं पाहा : सैन्यकपातीचे रोखे, सैन्य-पुनर्रचनेचे रोखे, सीमाशुल्काचे रोखे. गृहयुद्ध चालू असताना लोक सैन्यकपातीच्या रोख्यांवर सट्टा खेळताहेत. माओ दुन यांनी हा विनोद रचलेला नाही. अशा नावांचे रोखे खरोखरच बाजारात होते.

सौद्याची रीत आपल्या तेजी-मंदीचीच. समजा १०० युआनच्या रोख्याचा महिनाअखेरचा वायदा ५० वर आहे. मंदीवाला हातात रोखा नसताना ५० ला विकून ठेवतो. वलणाच्या, म्हणजे सौदे चुकते करायच्या दिवशी भाव ४५ असेल तर तो ४५ ला घेऊन देणं भागवतो आणि ५ कमावतो. भाव ५५ झाला तर ५ गमावतो. तेजीवाल्याचं उलट. खेळायला पूर्ण रक्कम लागत नाही, अनामत पुरते. म्हणून अनामतीचे नियम बदलायची नुसती चर्चा निघाली तरी माणसं घामाघूम होतात. पुढच्या प्रकरणांत असा प्रसंग आला की दोन मिनिटं थांबा आणि वाढीव अनामत तेजीवाल्यांकडून मागताहेत की मंदीवाल्यांकडून, ते बघा. नियम कोणासाठी लिहिला जातोय ते कळेल.

वहीत चार रकाने आखा : प्रकरण, लढाईची बातमी, भाव कुठं चालला, कोण तेजीत नि कोण मंदीत. कथेचा काळ मे ते जुलै १९३०. बाहेर च्यांग काई-शेक विरुद्ध फेंग युश्यांग आणि यान शिशान हे उत्तरेकडचे लष्करी सरदार असं युद्ध पेटलेलं आहे. ढोबळ नियम असा : नानजिंगची सरशी झाली की रोखे चढतात, पीछेहाट झाली की पडतात. जूनअखेर जिनान शहर नानजिंगच्या हातून जातं, जुलैअखेर कम्युनिस्टांचं लाल सैन्य चांगशा शहर घेतं. हे दोन टप्पे तक्त्यात आधीच लिहून ठेवा.

ढोबळ नियम मोडतो तिथं मात्र कादंबरी सुरू होते. दुसऱ्याच प्रकरणात झाओ बोताओ नावाचा बडा सटोडिया पैसे चारून एका फौजेला मागं सरकायला लावायची योजना मांडतो, म्हणजे विजयाची बातमी येईल आणि भाव चढेल. इथून पुढं प्रत्येक बातमीसमोर एक प्रश्नचिन्ह काढा : ही घडली, की घडवली? चौथा रकाना पेन्सिलनंच लिहा, कारण माणसं बाजू बदलतात. शेवटच्या प्रकरणांत वूचा घात कोण करतो ते इथं सांगत नाही. तक्ता नीट ठेवलात तर धक्का बसणार नाही, फक्त 'हे होणारच होतं' असं वाटेल, आणि लेखकाला तेच हवं आहे.

जोडीला एक लहान धागा नक्की धरा : गावातून पळून आलेला जमीनदार फेंग युनछिंग. सट्ट्यात बुडाल्यावर तो खबर काढायला स्वतःच्या मुलीला झाओकडे पाठवतो, आणि तिनं आणलेली खबरही खोटी निघते. पुस्तकातली सगळ्यात क्रूर पानं कदाचित ही असतील, आणि त्यांत एकही माणूस आवाज चढवून बोलत नाही.

गिरणीचा तक्ता

दुसरं पान रेशमाचं. वूचं दुखणं साखळीनं मांडा : जगभर मंदी, त्यात कृत्रिम रेशीम आणि जपानी रेशीम, म्हणून चिनी रेशमाचा भाव पडला, गिरणी चालवायला कर्ज, कर्जाचं व्याज भागवायला मजुरीत कपात, कपातीतून संप. त्याच वेळी तो भागीदारांबरोबर यीझोंग ही कंपनी काढून आठ लहान कारखाने स्वस्तात उचलतो : विजेचे दिवे, थर्मास, छत्र्या, साबण, रबर असा माल. युद्धामुळं आतल्या प्रांतांचे रस्ते बंद, माल गोदामात पडून. मग गिरणीचा पैसा रोख्यांत वळतो. उद्योगपतीचा सटोडिया नेमका कुठल्या प्रकरणात झाला, ते ठिकाण या दोन तक्त्यांची सांगड घातल्यावरच सापडतं. वाचनाचा खरा आनंद तोच.

गिरणगावचं वाङ्मय वाचलेल्यांना इथली रचना परकी वाटणार नाही. आपल्याकडं जॉबर आणि नायकीण होत्या, तशा तिथं बायकांवर देखरेख करणाऱ्या बायका आहेत आणि त्यांच्या मागं एकमेकांवर उठलेले दोन सरकारधार्जिणे युनियनगट. थू वेइयुए संप मोडतो तो लाठीपेक्षा या दोन गटांची भांडणं लावून. छ्यान बाओशेंग आणि ग्वेइ चांगलिन ही दोन नावं वहीत दोन वेगळ्या बाजूंना लिहा, नाहीतर संपाची चार प्रकरणं नुसती आरडाओरड वाटतील.

जिथं अडतं

चौथं प्रकरण अचानक शांघाय सोडून वूच्या मूळ गावी, श्वांगछ्याओला जातं. तिथं शेतकऱ्यांचा उठाव होतो, आणि मग ते गाव जवळपास परतच येत नाही. आपलं काही चुकलं असं वाटून मागं जाऊ नका. माओ दुन यांनी आधी शहर आणि गाव दोन्हींची मोठी योजना आखली होती, नंतर ती आखूड केली आणि हे प्रकरण राहिलं. सांधा दिसतो हे खरं आहे. पण ते गाळू नका : वूचा कोणता पैसा गावात अडकला ते इथंच कळतं. १९३४ साली सरकारी परीक्षकांनी जी दोन प्रकरणं काढायला लावली त्यांत हे एक होतं, दुसरं पंधरावं, संपाचं. परीक्षकांना ती निरर्थक वाटली नव्हती एवढं उघड आहे.

पहिल्या प्रकरणातल्या म्हाताऱ्या वूच्या, म्हणजे सुनफूच्या वडिलांच्या मृत्यूवरही वाचक घसरतात. उपदेशाची जुनी पोथी छातीशी धरून तो गावाहून येतो, मोटार, दिवे आणि उघड्या दंडांच्या बायका बघतो आणि त्याच रात्री मरतो. 'जुना चीन मेला' असं समासात लिहून पुढं जाऊ नका. अंत्यविधीला कोण आलं आणि शेजारच्या खोलीत कसले सौदे ठरले ते लिहा. सुतकाच्या घरी अख्खी बाजारपेठ जमते, आणि पुढच्या सतरा प्रकरणांतले सगळे वैरी तिथं चहा पिताना भेटतात.

कामगारांची प्रकरणं फिकी आहेत आणि त्याची जबाबदारी वाचकाची नाही. १९३०च्या सुमारास डोळ्यांच्या आणि मज्जासंस्थेच्या त्रासामुळं माओ दुन यांचं लिखाण थांबलं होतं, तेव्हा ते बँकवाले, कारखानदार, सटोडिये अशा ओळखीच्या लोकांत वावरले. रोखेबाजार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. संप आणि संघटक यांची माहिती दुय्यम होती, हे त्यांनी स्वतः नंतर कबूल केलं. शिवाय चीन भांडवलशाही देश झाला का, या तेव्हाच्या वादात कादंबरीला उत्तर द्यायचं होतं. ही पानं भरभर वाचली तरी चालेल. रोखेबाजाराची आणि जेवणाच्या टेबलावरची पानं सावकाश वाचा.

परदेशी खुणा कशा टिपायच्या

दोन प्रकारच्या रेघा ठरवा. वस्तूसाठी एक रेघ, यंत्रणेसाठी दोन. वूची सित्रोएन मोटार, बायकोनं जपलेलं ग्योथेच्या 'वेर्थर' या प्रेमकथेचं पुस्तक आणि त्यातलं सुकलेलं पांढरं गुलाब, या एका रेघेच्या गोष्टी. झाओच्या मागचं अमेरिकी भांडवल, रेशमाचा निर्यातभाव, कर्जाची मुदत, या दोन रेघांच्या. पुस्तक संपल्यावर दोन रेघांची ठिकाणं एका ओळीत उतरवून काढा. तो वूच्या पडझडीचा सांगाडा असतो.

वस्तूही फुकट जात नाहीत. मसुद्यात मोटार फोर्ड होती. माओ दुन यांचे स्नेही, कम्युनिस्ट नेते आणि समीक्षक छू छ्यूबाय यांनी सुचवलं की या ऐपतीचा कारखानदार फोर्डमध्ये बसणार नाही, त्याला सित्रोएन द्या. शेवटही त्यांच्याच सल्ल्यानं बदलला : आधीच्या आराखड्यात वू आणि झाओ यांची तडजोड होती, नंतर एक जिंकतो आणि एक हरतो असं ठरलं.

भाषांतरात एक गोष्ट हमखास हरवते. सुरुवातीला छपरावर झळकणाऱ्या जाहिरातीत 'लाइट, हीट, पॉवर' हे शब्द आहेत, आणि मूळ चिनी पानावर ते रोमन अक्षरांत, इंग्रजीतच आहेत. इंग्रजी भाषांतरात सगळंच इंग्रजी, त्यामुळं परकेपणा विरघळतो. अशा जागी समासात 'मुळात इंग्रजी' असं लिहा.

नंतर बेइपिंग

शांघाय झाल्यावर लाओ शे यांची 'रिक्षा' घ्या. मूळ नाव 'उंट श्यांग्झ', १९३६-३७ साली मासिकातून क्रमशः आलेली. शहर बीजिंग, तेव्हाचं नाव बेइपिंग. इथं तक्ता एकाच रकान्याचा : हातरिक्षा ओढणाऱ्या श्यांग्झकडे आत्ता किती युआन आहेत? तीन वर्षं राबून १०० जमवतो, ९६ ला स्वतःची रिक्षा घेतो. ती सैनिक हिसकावतात. पळताना हाती लागलेले तीन उंट ३५ ला विकतो. पुन्हा साठवलेलं गुप्त पोलीस उकळतो. पुढची रिक्षा बायकोच्या पैशानं येते आणि तिच्याच अंत्यविधीच्या खर्चासाठी जाते. पहिलं प्रकरण दोनदा वाचा. रिक्षावाल्यांची उतरंड तिथं मांडली आहे, वर परकी वकिलातींच्या वस्तीत गिऱ्हाईक धरणारे, परदेशी भाषा थोडीफार येणारे, आणि खाली म्हातारे आणि पोरगे. रिक्षा हे वाहनच जपानमधून आलेलं, आणि १९२९ साली पोटावर पाय आला म्हणून याच शहरातल्या रिक्षावाल्यांनी ट्रामगाड्या फोडल्या होत्या.

प्रत घेताना दोन तपासण्या करा. १९४५ सालचं इव्हान किंग यांचं इंग्रजी भाषांतर टाळा. त्यात शेवट बदलून सुखान्त केला आहे. आणि प्रकरणं मोजा : चोवीस हवीत. १९५५ च्या चिनी आवृत्तीत शेवटचा भाग छाटला होता, तिच्यावरून केलेली भाषांतरं तेविसाव्याच्या आतच थांबतात. हॉवर्ड गोल्डब्लॅट यांचं २०१० सालचं भाषांतर पूर्ण आहे.

तिथून पुढं छ्यान झोंगशू यांची १९४७ सालची 'फोर्ट्रेस बिसीज्ड' घेतलीत तर वही लागणार नाही. परदेशातून बनावट पदवी विकत घेऊन बोटीनं घरी परतणारा नायक हसवत नेतो. झांग आयलिंग यांच्या १९४३ नंतरच्या कथांना मात्र वही लागते, पण तिथं भावांऐवजी दागिने, हुंडा, वाटण्या आणि घराचे दरवाजे कोण उघडतं ते लिहायचं.